शाळेतली प्रतिज्ञा आणि जवानांना पत्र, पोरांकडून मनापासून कसं करून घ्यायचं

जुलै उजाडला की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज फिरतो, "सैनिकांसाठी यंदा काय घ्यायचं?" २६ जुलैला कारगिल विजय दिवस, मागोमाग राखी, मग १५ ऑगस्ट, सगळं पाठोपाठ येतं आणि शेवटी गडबडीत एक भाषण, एक फोटो आणि एक बॅनर एवढ्यावर उरकलं जातं. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नदीकाठच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते, आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, त्यामुळं हा विषय माझ्या घरातलाच. इतक्या वर्षांत काय जमलं, काय फसलं ते सगळं इथं लिहिते, शिक्षकांना आणि पालकांना दोघांनाही उपयोगी पडेल. मोठं आहे, पण सावकाश वाचा.

आधी प्रतिज्ञा, कारण ती रोजची आहे

एक काम करा. सोमवारी परिपाठाला माईकजवळ उभं राहू नका, मागच्या रांगेत जाऊन कान देऊन ऐका. "भारत माझा देश आहे" खणखणीत येतं, "सारे भारतीय माझे बांधव आहेत" पण ठीक असतं, आणि तिथनं पुढं आवाज बसत जातो, "विविधतेने नटलेल्या" मधली निम्मी अक्षरं गायब होतात, आणि "पाईक" हा शब्द तर कितीतरी पोरं "पायी" म्हणतात. मी एकदा चौथीला विचारलं, पायी होण्याची पात्रता म्हणजे काय रे, तर एकजण उठून म्हणाला, "बाई, जोतिबाला चालत जायचं." त्याला कुणी हसलं नाही आणि मी पण हसू दिलं नाही, कारण त्यानं बिचाऱ्यानं डोकं लावलं होतं, अर्थ आपणच कधी सांगितला नव्हता.

पाईक म्हणजे पायदळातला शिपाई. पायी चालत जाऊन लढणारा, आणि त्यावरनं मग निष्ठेनं सेवा करणारा असा अर्थ आला, वारकरी स्वतःला विठ्ठलाचा पाईक म्हणवतात तो हाच शब्द. म्हंजे बघा, प्रतिज्ञेच्या बरोबर मधोमध एक शिपाई उभा आहे आणि आपण रोज सकाळी त्याच्यावरनं तसंच पुढं जातो. मला हे कळलं त्या दिवशी मी वर्गात फळ्यावर एवढाच शब्द लिहिला आणि अख्खा तास त्यावरच घेतला.

तेव्हापासनं माझी पद्धत ठरलीय, आठवड्याला एकच शब्द. बांधव, समृद्ध, परंपरा, पाईक, पात्रता, सौजन्य, निष्ठा, कल्याण, सौख्य. नऊ शब्द, नऊ आठवडे, जूनच्या मध्याला शाळा सुरू होते तिथनं धरलं तर १५ ऑगस्टच्या आसपास बरोबर पुरे होतात. सोमवारी शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि शनिवारपर्यंत पुसायचा नाही, अर्थ आपण सांगायचा नाही, पोरांनी घरात विचारून यायचं, आणि शनिवारी प्रत्येकानं त्या आठवड्यात बघितलेलं एक उदाहरण सांगायचं. "सौजन्य"च्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली की यष्टीत कंडक्टरनं एका म्हाताऱ्या बाईची बुट्टी स्वतः उचलून आत घेतली. ते उदाहरण मी आजपण प्रत्येक नव्या वर्गाला सांगते. "कल्याण" म्हटलं की हमखास कोणतरी मुंबईजवळचं स्टेशन सांगतंच, सांगू दे, तिथनंच पुढं न्यायचं.

प्रतिज्ञा कुणी लिहिली हे पण पोरांना आवर्जून सांगा, कारण ती पुस्तकातच उगवली असं त्यांना वाटतं. पैदिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली ती तेलुगूत लिहिली, ते तेव्हा विशाखापट्टणमला जिल्हा ट्रेझरी ऑफिसर होते, म्हंजे ऑफिसात फायली बघणारा साधा सरकारी माणूस. १९६३ ला तिथल्या एका शाळेत ती पहिल्यांदा म्हटली गेली आणि २६ जानेवारी १९६५ पासनं देशभरच्या शाळांत सुरू झाली. माझ्या वर्गातली पोरं हे ऐकून एकदम म्हणतात, म्हंजे बाई आपण पण लिहू शकतो? हो, लिहू शकता, आणि मग मी त्यांना वर्गाची स्वतःची चार ओळींची प्रतिज्ञा लिहायला लावते, ती मागच्या भिंतीवर वर्षभर राहते. मूळ प्रतिज्ञेला मात्र हात लावायचा नाही, ती जशी आहे तशीच.

म्हणताना काय सांभाळायचं तर, रोज त्याच हुशार मुलीला पुढं उभं करू नका, हजेरी नंबरानं फिरवा. ज्याचा नंबर उद्या आहे त्याच्याकडून आज मधल्या सुट्टीत एकदा म्हणून घ्या. बोलताना अडखळणारं पोर असेल तर त्याच्या शेजारी त्याचा मित्र उभा करा, दोघं मिळून म्हणतील, पण त्याचा नंबर गाळू नका, गाळलेलं त्याला कळतं आणि ते लक्षात राहतं. पहिली-दुसरीच्या पोरांचा समोर धरलेला हात दुखून खाली येतो, येऊ दे, त्यावरनं ओरडू नका. आपला जिल्हा सीमेवरचा, घरी कानडी बोलणारी पोरं आपल्याकडं असतात, ऊसतोडीला आलेल्या लोकांची असतात, हिंदी बोलणारी असतात. महिन्यातनं एकदा त्यांच्यातल्या कुणालातरी त्याच्या भाषेत प्रतिज्ञा म्हणू द्या, बाकीच्यांनी ऐकायची. "सारे भारतीय माझे बांधव" हे वाक्य त्या दिवशी समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, प्रतिज्ञा शिक्षा म्हणून लिहायला देऊ नका. दंगा केला म्हणून दहा वेळा प्रतिज्ञा लिहून आण, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय आणि मला ते अजिबात सहन होत नाही. जी गोष्ट पोरानं छाती पुढं काढून म्हणायची ती त्याला दंड वाटायला लागली की संपलं.

जवान टीव्हीत शोधू नका, गल्लीत शोधा

कोल्हापूरकरांना हे सांगायची खरंतर गरज नको. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, गावाच्या नावातच सैनिक आहे कारण पिढ्यानपिढ्या तिथली माणसं फौजेत जातात. गडहिंग्लज, चंदगड, आजरा, कागल, कुठल्याही गावात जा, दोन-चार घरं तरी फौजी असणारच. शहरात टेंबलाईला १०९ इन्फंट्री बटालियन, टीए (म्हंजे टेरिटोरियल आर्मी, प्रादेशिक सेना), मराठा लाइट इन्फंट्री आहे. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावला, इथनं हायवेनं दोन-अडीच तासांवर, आणि ती रेजिमेंट १७६८ पासनंची. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात आपल्या कोल्हापूरचे, १९५७ ते १९६१ पूर्व कमांडचे प्रमुख होते आणि १९६२ च्या आधीच त्यांनी चीनच्या धोक्याबद्दल सांगून ठेवलं होतं. शेजारच्या सांगली जिल्ह्यातले पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. ही नावं पोरांना सांगा, पण तिथं थांबू नका.

पुढचं काम पोरांचं. एक मोठा कागद घ्या, वर लिहा "आमच्यातलं फौजेत कोण", आणि पोरांना घर, भावकी, गल्ली, मामाचं गाव सगळीकडं विचारून यायला सांगा. नाव, नातं, आणि तो तिथं काम काय करतो. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण पोरांच्या डोक्यात जवान म्हंजे बंदूकवाला एवढंच असतं. मग कळतं की कुणाचा चुलता ड्रायव्हर आहे, कुणाचा मामा सिग्नलमध्ये म्हंजे फौजेच्या संदेशवहनात, कुणाची आत्या मिलिटरी हॉस्पिटलात नर्स, कुणाचा आजा लंगरमध्ये स्वयंपाकी होता आणि तो आजपण एका वेळी शंभर माणसांचा भात बिनचूक लावतो. बीएसएफ, सीआरपीएफवाले पण घ्या, ती लष्करापेक्षा वेगळी दलं आहेत एवढं पोरांना नीट सांगा, पण कागदावर सगळ्यांना जागा ठेवा. कोण नेमकं कुठल्या पोस्टवर आहे हे मात्र लिहून घेऊ नका, ते विचारायचं नसतं, याचं कारण पुढं पत्राच्या भागात येईल.

आमच्या पट्ट्यात २०१९ चा महापूर विसरता येत नाही. ऑगस्टमध्ये शिरोळ, करवीर, सगळं पाण्यात, हायवे बंद, आणि आर्मी-नेव्हीच्या बोटी गावात आल्या. त्या वर्षी रक्षाबंधन नेमकं १५ ऑगस्टलाच होतं आणि कितीतरी बायकांनी त्या जवानांच्या हातात राख्या बांधल्या. आता शाळेत असलेल्या लहान पोरांना ते आठवत नाही, पण त्यांच्या आयांना आठवतं. एखाद्या आईला वर्गात बोलवा आणि बोटीत बसताना काय झालं एवढंच सांगायला सांगा. आमच्याकडं एका आईनं सांगितलं की बोटीतल्या जवानाला मराठी येत नव्हतं आणि तिला हिंदी, पण त्यानं तिच्या कडेवरचं बाळ आधी घेतलं, मग तिचा हात धरला, मग परत फिरून सासूला घेऊन आला, आणि सासू म्हणत होती की माझी शेरडं राहिली, तर तो परत गेला. वर्गात चिडीचूप शांतता होती. कुठलंही भाषण याच्या पुढं टिकणार नाही.

फौजी पाव्हण्यांना वर्गात कसं बोलवायचं

इथं घरची गोष्ट सांगते. आण्णा रिटायर झाल्यावर त्यांना एका शाळेनं स्वातंत्र्यदिनाला पाहुणे म्हणून बोलावलं, शाळेचं नाव घेत नाही. आण्णांनी आदल्या रात्री पितळी बटणं घासली, मेडल लावली, वेळेच्या आधी जाऊन बसले. दोन तास खुर्चीवर होते. तिघांची भाषणं झाली, त्यांना शाल आणि नारळ दिला, फोटो काढला, आणि संपलं, बोला असं कुणी म्हटलंच नाही. घरी आले, शाल घडी करून त्यांच्या काळ्या ट्रंकेवर ठेवली, आणि आईला एवढंच म्हणाले, "मला वाटलं, पोरं काहीतरी विचारतील." मी तेव्हा डीएड करत होते. ते वाक्य माझ्या डोक्यातनं अजून गेलेलं नाही आणि मी शाळेत जे काही करते ते त्या एका वाक्यामुळं.

तर, शाल-श्रीफळ द्यायचं असेल तर द्या, त्यात वाईट काही नाही, पण खरा मान म्हंजे त्यांना विचारणं आणि नीट ऐकून घेणं. त्यासाठी असं करा.

१५ ऑगस्टलाच बोलवायचं असं काही नाही, उलट साधा दिवस धरा. एकच वर्ग, फार तर दोन, अख्खी शाळा नको. सतरंजी टाका, पोरं गोलात खाली बसू देत, पाव्हण्यांना खुर्ची द्या, पण गुडघे ठीक असतील तर ते स्वतःच खाली बसतात असा माझा अनुभव आहे. वेळ चाळीस मिनिटं, एक तास. आणि दहाची वेळ दिली असेल तर पावणेदहाला तयार राहा, फौजी माणूस वेळेआधी येतोच, त्याला गेटवर उभं करू नका. सरपंच, केंद्रप्रमुख, अध्यक्ष कुणाला बोलवायचं असेल तर वेगळ्या दिवशी बोलवा, कारण ते आले की त्यांची भाषणं आली.

प्रश्न आदल्या दिवशी तयार करून घ्या. तुम्ही लिहून देऊ नका, पोरांना लिहू द्या, फक्त चाळून बघा. चांगले प्रश्न अगदी साधे असतात, ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी रडू आलं का, थंडीत बुटाच्या आत काय घालता, तिकडं गणपती बसवता का, घरची आठवण आली की काय करायचा, सगळ्यात नावडती भाजी कुठली. "तुम्ही किती शत्रू मारले" हा प्रश्न कुठलातरी पोरगा विचारणारच, तो आधीच बाजूला काढा आणि त्याला रागवू नका, त्याला एवढंच सांगा की ज्यानं ते बघितलंय त्याला त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर तो स्वतः बोलेल, आपण विचारायचं नाही. पगार, पेन्शन, कुठं पोस्टिंग होतं, हे पण नको.

पाव्हण्यांना एक-दोन जुन्या वस्तू आणायला सांगा. आम्ही आण्णांची ट्रंक वर्गात नेली होती, झाकणावर पांढऱ्या पेंटनं नाव आणि नंबर, आत पत्र्याचा मग, कंबरपट्टा, बूटपॉलिशची डबी. पोरांनी तो पत्र्याचा मग हातात घेऊन फिरवला, एकीनं विचारलं, मगाला हा पोचा कसा पडला, आणि आण्णा त्या एका पोच्यावर दहा मिनिटं बोलले, ज्यांना शाळेत दोन तास कुणी बोलू दिलं नव्हतं ते. तो पत्र्याचा मग ट्रेनच्या दारातनं खाली पडला होता आणि स्टेशनवरच्या एका हमालानं गाडीमागं पळत येऊन दिला होता. बास एवढीच गोष्ट, पण पोरं अजून भेटली की मगाचं विचारतात.

शेवटी "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही मराठा रेजिमेंटची युद्धघोषणा पाव्हण्यांना द्यायला सांगा आणि पोरांना मागनं. ही घोषणा आपली पोरं गडावर गेली की देतातच, पण ती घेऊन रणात गेलेल्या माणसाच्या तोंडनं ऐकली की अंगावर काटा येतो.

पत्र आणि राखी, इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

लहानपणी आण्णांच्या निळ्या आंतरदेशीय पत्रावर गावाचं नाव नसायचं, फक्त "द्वारा ५६ एपीओ". मला वाटायचं ५६ एपीओ हे गावच आहे, मी ते नकाशात शोधायची. एपीओ म्हंजे आर्मी पोस्ट ऑफिस. जवान कुठं आहे हे बाहेर कळू नये म्हणून पत्त्यात ठिकाण लिहीतच नाहीत, नाव, नंबर, रँक, युनिट आणि ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, एवढंच. ५६ ची टपाल दिल्लीच्या आणि ९९ ची कोलकात्याच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसमार्फत पुढं जाते, युनिट आज कुठं आहे हे त्यांना ठाऊक असतं. फौजेचा पिनकोड ९ नं सुरू होतो, आपला ४१६ नं, हे पोरांना दाखवा, त्यांना फार आवडतं. आणि म्हणूनच कोण कुठल्या पोस्टवर आहे हे आपणही विचारायचं नाही की लिहायचं नाही.

"सीमेवरचे जवान, जम्मू-काश्मीर" असा पत्ता घालून पाकिटं टाकू नका. मी पहिल्या वर्षी असंच केलं, अख्ख्या वर्गाच्या पत्रांचा गठ्ठा अर्धवट पत्त्यावर पाठवला, त्याचं पुढं काय झालं कधीच कळलं नाही, आणि पोरं दिवाळीपर्यंत रोज विचारत होती, बाई आलं का? त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला सुचायचं नाही. पत्ता मिळवायचे सरळ दोन रस्ते आहेत. एक, तुमच्या त्या "आमच्यातलं फौजेत कोण" कागदावरनं एखाद्या पोराचे वडील किंवा काका सध्या नोकरीत असतील तर घरच्यांना विचारून त्यांच्या युनिटचा पत्ता घ्यायचा आणि सगळ्या वर्गाची पत्रं त्यांच्या नावानं एका पाकिटात पाठवायची, ते तिकडं वाटतात. दोन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारायचं, शाळेचं पत्र घेऊन जा, म्हंजे कामाला सोपं जातं.

आता मजकूर. फळ्यावर "तुम्ही सीमेवर जागता म्हणून आम्ही सुखाने झोपतो" लिहून चाळीस पोरांना उतरवून काढायला लावू नका. तिकडं जवान पहिलं पत्र वाचेल, दुसरं वाचेल, तिसरं तसंच बघितल्यावर बाजूला ठेवेल. पोरांना तीन गोष्टी लिहायला सांगा, मी कोण, आमच्याकडं सध्या काय चाललंय, आणि तुम्हाला एक प्रश्न. बास. "आमच्याकडं काय चाललंय" हा भाग जितका बारीक तितका चांगला, गुऱ्हाळ सुरू झालंय आणि काकवीचा वास शाळेपर्यंत येतोय, पंचगंगेचं पाणी पायरीला लागलंय, आमच्या गल्लीच्या टीमनं मॅच हरली. घरापासनं लांब असलेल्या माणसाला हेच हवं असतं. आण्णा सांगायचे, आईच्या पत्रातलं "सगळं ठीक आहे" ते वाचून सोडून द्यायचे, आणि कुठल्या वाफ्यात काय लावलंय हे मात्र चार-चारदा वाचायचे.

शुद्धलेखन फार तपासू नका, वाचता आलं की झालं. युनिट मराठी नसेल तर मोठ्या वर्गाकडनं हिंदीत लिहून घ्या आणि लहानांकडनं चित्र. पोरांनी घरचा पत्ता, मोबाईल नंबर, आईबाबा कधी घरी नसतात वगैरे काही लिहायचं नाही, नाव फक्त पहिलं आणि खाली शाळेचा पत्ता. प्रत्येक पत्र शिक्षकानं वाचूनच पाकिटात जाऊ दे. आणि पाकिटावर युनिटचा पत्ता दिसेल असा फोटो स्टेटसला ठेवू नका, कितीही हौस वाटली तरी. पोरांचे फोटो पण पत्ता झाकून आणि पालकांना विचारूनच.

राखी पाठवायची असेल तर पोस्टात वॉटरप्रूफ राखी पाकिटं मिळतात ती घ्या, पाऊस असतोच. राखी चपटी आणि मऊ धाग्याची, पोरांनी स्वतः वळलेली रेशमाची सगळ्यात चांगली, ते मोठे खडे आणि फुगीर स्पंजचे गोळे नकोत, मशिनमध्ये चेपतात, शिवाय ड्युटीवर हातात राहत नाहीत. कुंकू सुटं टाकू नका, सगळं पत्र लाल होतं, कागदाची बारीक पुडी करून टेप लावा. पेढे, गूळ, चिक्की काही नाही. आणि निदान तीन आठवडे आधी टाका, आठ दिवस आधी जागं होऊन उपयोग नाही, डोंगरात वर माल पोचायला वेळ लागतो.

सगळ्यात महत्त्वाचं, पत्रं टाकायच्या आधीच पोरांना सांगून ठेवा की उत्तर येईलच असं नाही. आलं तर आपलं नशीब. त्यांना तिकडं वेळ नसतो, म्हणून आपण लिहायचं थांबायचं नाही.

ध्वजदिन, झेंडे वगैरे

हे थोडक्यात. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासनं पाळतात, त्या निधीतनं वीरमरण आलेल्या जवानांच्या घरच्यांना, जखमी झालेल्यांना आणि माजी सैनिकांना मदत होते. लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा तीन रंगांचा तो छोटा झेंडा असतो, तीन दलांचे तीन रंग. पैसे गोळा करायचे तर सैनिक कल्याण कार्यालयाकडनं आलेले झेंडे आणि पावतीवरच, आणि पोराबरोबर मोठं माणूस पाहिजेच. कुणी किती दिले हे वर्गात वाचून दाखवू नका. ज्याच्या घरी नाहीत त्यानं झेंडे टाचायचं काम करावं, तेवढंच मोलाचं आहे.

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला प्लास्टिकचे झेंडे नकोत, ध्वजसंहितेत ते चालत नाहीत, कागदी चालतात पण ते नंतर जमिनीवर टाकायचे नाहीत. आमची पोरं १५ ऑगस्टला संध्याकाळी पिशवी घेऊन गावातनं एक चक्कर मारतात आणि पडलेले झेंडे गोळा करून शाळेत आणून देतात. सकाळच्या प्रभातफेरीइतकीच ही संध्याकाळची फेरी मला मोठी वाटते.

वीरमाता, वीरपत्नी

इथं फार जपून. आपल्या जिल्ह्यात अशी घरं बरीच आहेत, आणि दर १५ ऑगस्टला त्यांना स्टेजवर बसवून त्यांच्या पोराची गोष्ट माईकवरनं सांगायची आणि त्या रडल्या की फोटो काढायचा, हे मी बघितलंय आणि मला ते बघवत नाही. बोलवायचं असेल तर आधी घरी जाऊन विचारा, नाही म्हणाल्या तर परत आग्रह नको. आमच्या गावाजवळच्या एका वीरमातेनं मला सांगितलं, बोलवू नका, पण पोरांना अधनंमधनं घरी पाठवत जा. तेव्हापासनं दर महिन्याला चार पोरं आणि मी जातो, मावशी दारात शेंगा फोडत बसलेल्या असतात, पोरं पण फोडायला बसतात, गप्पा कसल्याही होतात, शाळेच्या, कुत्र्याच्या, पावसाच्या. त्यांच्या लेकाचा फोटो भिंतीवर आहे, हार घातलेला. पहिल्या तीन-चार खेपांना त्या त्याच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी स्वतःहून म्हणाल्या, ह्यो बी असाच शेंगा फोडता फोडता निम्म्या खायचा.

आणि उत्तर आलं तर

आमच्याकडं एकदा आलं. तिसरीतल्या एका मुलीनं पत्रात स्वतःबद्दल एक ओळ लिहिली होती आणि बाकी सगळं पत्र म्हशीबद्दल, म्हैस व्याली, रेडकू झालं, ते उभं राहताना तीनदा पडलं, चौथ्यांदा राहिलं, आणि शेवटी प्रश्न, "तुमच्या घरी म्हैस आहे का?" मी ते वाचताना क्षणभर विचार केला की हे पाठवावं का, मग तसंच पाठवलं. राखीला गेलेलं पत्र, उत्तर आलं जानेवारीत. शाळेच्या पत्त्यावर एक आंतरदेशीय, हिंदीत, अक्षर मोठं आणि ठळक. लिहिलं होतं की आमच्या घरी दोन म्हशी आहेत, मी गेल्या वर्षी सुट्टीवर होतो तेव्हाच एक व्याली, तुझं पत्र आम्ही सहाजणांनी वाचलं, आणि रेडकाचं नाव काय ठेवलं ते कळव.

असं उत्तर आलं तर ते नोटीस बोर्डावर टाचू नका, ज्या पोराचं आहे त्याच्या हातात आधी द्या, त्याला एकट्याला वाचू द्या, मग त्याला वाटलं तर वर्गात वाचेल. तिनं वाचलं, दोनदा. रेडकाचं नाव ठेवलेलंच नव्हतं, घरात सगळे नुसतं रेडकू म्हणायचे. मग वर्गात नावं सुचवली गेली, फळ्यावर अकरा नावं झाली, हात वर करून मतं घेतली, आणि त्याच दुपारी पोस्ट बंद व्हायच्या आत ती आणि मी जाऊन दुसरं पत्र टाकून आलो. नाव "चांदी" ठरलं, कारण कपाळावर पांढरा ठिपका होता.